दोन प्रतींचा मेळ : यवतमाळचा सातबारा आणि सर्व्हरांवरील जुळ्या डिस्क

दप्तराच्या दोन प्रती ठेवल्या की दप्तर सुरक्षित झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा इतिहास या समजुतीची मर्यादा दाखवितो. यवतमाळच्या शेजारचा वर्धा जिल्हा १९८८-८९ साली या केंद्रीय योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होता. पुढे ही पद्धत यवतमाळसह राज्यभर पसरली आणि हस्तलिखित व संगणकीय असे दोन सातबारे काही काळ एकत्र नांदले. दोहोंत तफावती आढळल्या, आणि २०१७ साली राज्यात चावडी वाचनाची मोहीम घ्यावी लागली. ज्याचे पीककर्ज उताऱ्यावर अवलंबून, त्या कास्तकाराला कोणती प्रत खरी, हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता.

संगणकशास्त्रासमोर हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. १९८८ साली बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी अनेक डिस्क एकत्र योजण्याच्या पद्धतींचे वर्गीकरण केले. त्यातील पहिली पायरी म्हणजे जुळ्या डिस्क. परंतु दोन्ही डिस्क एकाच यंत्रात असल्या, तर यंत्राबरोबर दोन्ही जातात. म्हणून दुसरी प्रत नेटवर्कद्वारा दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याचा मार्ग निघाला. व्हिएन्ना येथील फिलिप राइझनर यांनी २००० सालच्या प्रबंधात मांडलेली डीआरबीडी ही प्रणाली २०१० साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली.

तिच्यातील पहिली सुधारणा नोंद पुरी झाली असे केव्हा मानावे, यासंबंधीची होय. नोंद स्थानिक डिस्कवर उतरून पाठवणीच्या रांगेत लागताच, दूरच्या यंत्राच्या स्मृतीत पोचताच, की दोन्ही डिस्कवर उतरल्यावरच, असे तीन पर्याय तिने दिले. पहिल्यात वेग अधिक, तर तिसऱ्यात निश्चिती अधिक. जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमानुसार तलाठ्याने नोंदविलेला फेरफार प्रमाणित झाल्याखेरीज हक्कनोंदीत उतरत नाही. विलंब सोसून निश्चिती पत्करण्याची वृत्ती येथेही तीच आहे.

दुसरी सुधारणा दुवा तुटल्यानंतरची. सर्व डिस्क पुन्हा पाठविणे हा ढोबळ उपाय होता. त्याऐवजी दर चार किलोबाइटांच्या खंडास एक बिट राखून बदललेले खंड तेवढे टिपले जातात. एक टेराबाइट डिस्कला सुमारे ३२ मेगाबाइटांचा हा तक्ता पुरतो. दुवा जुळताच तेवढेच खंड पाठविले जातात. याखेरीज सध्या लेखन चालू असलेल्या भागांची वेगळी नोंद ठेवल्यामुळे, मुख्य यंत्र अकस्मात बंद पडले तरी फक्त त्या भागांचीच जुळवणी करावी लागते.

तथापि दुवा तुटला असता दोन्ही बाजूंनी नवे लेखन स्वीकारले, तर कोणताही तक्ता पुरा पडत नाही. अशा वेळी डीआरबीडी सामान्यतः दोहोंचा संबंध तोडते आणि एका बाजूचे बदल टाकून देण्याचा निर्णय प्रशासकावर सोपविते. सातबाऱ्याच्या बाबतीत ही सोय नव्हती. दोन्ही प्रतींत कोणाचा ना कोणाचा हक्क नोंदलेला असू शकतो. म्हणून नोंद न् नोंद गावासमोर वाचणे भाग पडले.

जुळी प्रत यंत्राच्या मृत्यूपासून वाचविते. चुकीच्या नोंदीपासून नाही, कारण चूकही ती तितक्याच निष्ठेने उतरवून घेते. त्यासाठी दिनांकित जुन्या प्रती स्वतंत्रपणे जपाव्या लागतात, आणि खरे काय हे ठरविणारी चावडीही लागते.