वजन आणि पैज : कॅनडातील घोड्यांच्या शर्यतींचा इतिहास

आपल्या समाजातील काही कुटुंबे कॅनडात, विशेषतः टोरोंटो शहरात, स्थायिक झाली आहेत. तेथील विमानतळापासून जवळच वुडबाइन नावाचे शर्यतींचे मैदान आहे. मुंबईचे महालक्ष्मी मैदान ज्यांनी पाहिले आहे त्यांना तेथील देखावा फारसा अपरिचित वाटणार नाही. तीच हिरवळ, तेच रंगीबेरंगी सदऱ्यांतील जॉकी आणि हातात शर्यतींचे पुस्तक घेऊन कपाळाला आठ्या घालणारी तीच माणसे. एक गोष्ट मात्र ध्यानात येईल. महालक्ष्मीवर परवाना घेतलेले बुकीही असतात आणि टोटच्या खिडक्याही असतात. वुडबाइनला बुकी कोठेच आढळत नाही. घोड्यावर पैज स्वीकारणारा बुकी हा कॅनडाच्या फौजदारी कायद्याने गुन्हेगार ठरतो. एकोणिसाव्या शतकात हे बुकी तेथेही मोकळेपणी धंदा करीत होते. मग ते गेले कोठे, आणि त्यांच्या जागी काय आले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम ‘हॅण्डिकॅप’ ह्या शब्दाविषयी थोडेसे. हा शब्द घोड्यांचा नव्हे, बाजारातील अदलाबदलीचा आहे. सतराव्या शतकातील इंग्लंडात दोन माणसे आपापल्या वस्तूंची अदलाबदल करू लागली म्हणजे तिसरा एक पंच नेमीत. कोणाची वस्तू कितीने कमी मोलाची आहे आणि त्याने वर किती रक्कम द्यावी, हे तो पंच सांगे. सौदा मान्य आहे की अमान्य, हे दोघांनी टोपीत हात घालून दर्शवायचे. टोपीतला हात तो हॅण्डिकॅप! पुढे हाच न्याय घोड्यांना लागू झाला. वेगवान घोड्याने अधिक वजन वाहावे, मंद घोड्याने कमी, म्हणजे दोघेही एकाच वेळी अंतिम रेषेपाशी यावेत. खोगिराखाली शिशाचे तुकडे घालून हे वजन भरतात. एक मैलाच्या शर्यतीत सुमारे तीन पौंड म्हणजे घोड्याची एक लांबी, असा ढोबळ हिशेब जुने लोक सांगतात. इंग्लंडात ॲडमिरल हेन्री रूस ह्या निवृत्त आरमारी अधिकाऱ्याने १८५५ पासून हे काम शास्त्राच्या पदवीला नेले. कोणत्या वयाच्या घोड्याने कोणत्या महिन्यात किती वजन वाहावे, ह्याचे त्याने बसविलेले कोष्टक पुढील सर्व कोष्टकांचा पाया ठरले. आपल्याकडे वजन ठरविणारा हॅण्डिकॅपर हा टर्फ क्लबचा अधिकारी असतो. उत्तर अमेरिकेत मात्र ह्या शब्दाने आणखी एक अर्थ धारण केला आहे. घोड्याची मागील कामगिरी, अंतर, मैदानाचा ओलेपणा, जॉकी आणि वजन ह्यांचा ताळा घालून विजयी घोडा हेरण्याचा प्रयत्न करणारा साधा प्रेक्षकसुद्धा तेथे हॅण्डिकॅपर म्हणवितो. एक जण घोड्यावर वजन चढवितो, तर दुसरा पैसा.

कॅनडातील सर्वांत प्रतिष्ठित शर्यत वजनाची नव्हे. राणी व्हिक्टोरियाने पन्नास गिनींचे बक्षीस देऊ केले आणि २७ जून १८६० रोजी टोरोंटोच्या कार्लटन मैदानावर पहिली ‘क्वीन्स प्लेट’ धावली. विजयी घोड्याचे नाव डॉन जुआन. त्याच प्रांतात जन्मलेले आणि तोवर कोणतेही सार्वजनिक बक्षीस न जिंकलेले घोडेच तीत भाग घेऊ शकत. देशी घोड्यांची पैदास सुधारावी, हा हेतू स्पष्ट होता. आरंभीची काही वर्षे ही शर्यत ऑन्टॅरिओतील गावोगाव फिरली आणि १८८३ पासून टोरोंटोच्या जुन्या वुडबाइन मैदानावर स्थिरावली. योगायोग असा की महालक्ष्मीचे मैदानही १८८३ चेच.

आता पैजेकडे वळू. बुकीची पद्धत सर्वांस ठाऊक आहे. तो भाव सांगतो, तुम्ही पैसे लावता. तुम्ही जिंकलात तर तो हरतो. म्हणून घोडा हरावा ह्यात त्याचा स्वार्थ असतो, आणि जेथे स्वार्थ असतो तेथे जॉकीच्या कानाशी लागण्याचा मोहही असतो. प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि समाजसुधारक ह्यांनी ह्याविरुद्ध मोठी चळवळ उभारली. एच. एच. मिलर ह्या खासदाराने आणलेल्या विधेयकावर १९१० साली पार्लमेंटात कडाक्याचे वाद झाले. संपूर्ण बंदी काही आली नाही. ठराविक दिवस, मैदानाच्या कुंपणाच्या आतच पैज घ्यावी, अशी तडजोड झाली. पुढे महायुद्ध पेटले. युवक आघाडीवर मरत असता घरी शर्यती व पैजा चालणे लोकांना रुचेना, आणि १९१७ साली सरकारने हुकूम काढून युद्धकाळापुरती पैज बंद केली.

युद्ध संपल्यावर प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेला गृहस्थ ना न्यायाधीश होता ना धर्मोपदेशक. डॉ. जे. जी. रदरफोर्ड हे घोड्यांचे वैद्य, सरकारी पशुवैद्यक खात्याचे माजी प्रमुख. मला ही निवड फार अर्थपूर्ण वाटते. शर्यत बंद पडली तर उत्तम घोडा पैदा करण्याचे कारणच उरणार नाही, हा मुद्दा त्या काळी पोकळ नव्हता, कारण लष्कराला घोडे लागत. अखेर १९२० साली कायदा बदलला. बुकी गेला, आणि त्याच्या जागी ‘पारी म्युच्युअल’ पद्धत आली, तीही कृषिखात्याच्या देखरेखीखाली. गव्हाचे आणि गुरांचे खाते पैजांचा हिशेब तपासू लागले! ही व्यवस्था आजतागायत चालू आहे. त्या खात्याची एक संस्था पैजेची रक्कम मोजते आणि घोड्यांना उत्तेजक औषधे दिली आहेत काय, हेही तपासते. तिचा खर्च भागविण्यासाठी दीर्घकाळ प्रत्येक शंभर डॉलरमागे अवघे ऐंशी सेंट केंद्र सरकार घेत असे. आपल्याकडे शर्यतींच्या पैजेवर शेकडा २८ वस्तू व सेवा कर होता आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला, हे ध्यानी घेता सरकार-सरकारांतील अंतर कळून येते.

पारी म्युच्युअल म्हणजे ‘आपसांतील पैज’. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलर ह्याने ती रूढ केली आणि पुढे जॉर्ज ज्यूलियस ह्या अभियंत्याचे हिशेबयंत्र १९१३ साली न्यूझीलंडमध्ये प्रथम बसले. त्यालाच आपण टोट म्हणतो. उदाहरणाने ते स्पष्ट होईल. समजा, एका शर्यतीत सर्वांनी मिळून १०,००० डॉलर लावले. त्यातून शेकडा १७ कपात झाली, उरले ८,३००. लोकप्रिय घोड्यावर ४,००० लागले असतील आणि तो जिंकला, तर डॉलरला २ डॉलर ७ सेंटांच्या वर काही मिळते. खालचा अंक धरून दोन डॉलरच्या तिकिटाला ४ डॉलर १० सेंट हाती येतात. ज्या घोड्यावर अवघे २०० लागले आहेत तो जिंकला, तर त्याच तिकिटाला ८३ डॉलर. भाव कोणी सांगत नाही, तो गर्दीच्या पैशातून आपोआप ठरतो. मैदानाच्या चालकाला कोण जिंकतो ह्याचे सुखदुःख नाही. त्याची कपात ठरलेली. आपल्या भाषेत जुगाराच्या अड्ड्यावरील अशा कपातीला ‘नाल’ म्हणतात, आणि घोड्याच्या खुराखाली ठोकतात तोही नालच. भाषेचीही गंमत असते.

परंतु ह्या बदलाचा खरा परिणाम पैज लावणाऱ्यावर झाला. पूर्वी त्याचा प्रतिस्पर्धी बुकी होता. आता शेजारच्या बाकावरील माणूस हाच त्याचा प्रतिस्पर्धी ठरला. घोडा चांगला आहे एवढे ओळखून भागेना, तो इतरांना वाटतो त्याहून चांगला आहे हे ओळखावे लागे. शिवाय गर्दी मूर्ख नसते. सर्वांत अधिक पैसा ज्याच्यावर लागतो तो घोडा साधारणपणे तीनांपैकी एका शर्यतीत जिंकतोच. मात्र त्याच्यावर डोळे मिटून पैसे लावणारा कपातीमुळे कालांतराने रिकाम्या हातानेच घरी जातो. सांगायचे तर, टोटने पैज प्रामाणिक केली, पण फायद्याची केली नाही. सुधारकांचा मूळ आक्षेप गरिबाच्या संसाराविषयी होता, आणि त्याला ह्या यंत्राजवळ उत्तर नव्हते.

ही पैज विद्येची की दैवाची, हा वाद फार जुना आहे. फाशांचा जुगार खेळणारा आणि पारव्यांची शर्यत लावणारा, ह्या दोघांचीही साक्ष ग्राह्य नाही असे मिश्नाच्या सान्हेद्रिन प्रकरणात म्हटले आहे. ह्या दोघांचा वेगळा उल्लेख कशाला, असा प्रश्न गेमारात येतो. एक आपल्या बुद्धीवर विसंबतो, दुसरा आपल्या पाखरावर, असा भेद तेथे केला आहे. घोड्यावर पैज लावणाऱ्याला दोन्ही हवे असतात! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डॉ. लक्ष्मणन् खटल्यात घोड्यांच्या शर्यतीवरील पैज ही कौशल्याची बाब आहे असा निर्णय दिला. असो.

कौशल्य कोठे थिटे पडते, ह्याचा धडा कॅनडाने साऱ्या जगाला दिला. मद्याच्या कारखान्यांचे धनी ई. पी. टेलर ह्यांनी तेथील शर्यतींची घडी नव्याने बसविली. आजचे वुडबाइन मैदान १९५६ साली उघडले ते त्यांच्याच पुढाकाराने. ओशावा येथील त्यांच्या फार्मवर २७ मे १९६१ रोजी एक शिंगरू जन्मले. त्याची आई नटाल्मा गुडघा दुखावल्यामुळे मैदान सोडून घरी आली आणि म्हणून तिचे विणे उशिरा झाले. उत्तर गोलार्धात सर्व शर्यती घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे हे शिंगरू आपल्या सोबत्यांहून काही महिन्यांनी लहान. त्यातून बुटके. टेलर आपली वर्षाची शिंगरे दरवर्षी ठराविक किमतीला विक्रीस ठेवीत. ह्याची किंमत २५,००० डॉलर. जाणकार आले, त्यांनी पाहिले आणि निघून गेले. कोणी घेतले नाही.

तेच नॉर्दर्न डान्सर. १९६४ च्या केंटकी डर्बीपूर्वी त्याच्यावर स्वार होऊन जिंकलेला नामांकित जॉकी बिल शूमेकर हा त्याला सोडून हिल राइज ह्या घोड्याकडे गेला. हिल राइज उंच, देखणा. लोकांचा अधिक पैसाही त्याच्यावरच. नॉर्दर्न डान्सरवर बिल हार्टॅक बसला आणि मानेएवढ्या अंतराने जिंकला. वेळ बरोबर दोन मिनिटे, म्हणजे तोवरचा विक्रम. तो विक्रम नऊ वर्षांनी सेक्रेटेरियटने मोडला. ही डर्बी जिंकणारा तो पहिलाच कॅनडाचा घोडा. पुढे प्रीकनेस जिंकली, बेलमाँटला तिसरा आला आणि जूनमध्ये मायदेशी येऊन क्वीन्स प्लेट जिंकली. टोरोंटो नगराने त्याला गाजरात कोरलेली नगराची किल्ली अर्पण केली. त्यानंतर पायाची शीर दुखावली आणि धावणे संपले. एकूण अठरा शर्यती, चौदा विजय, आणि तिसऱ्याच्या खाली कधीच नाही.

ह्यानंतर बाजार दुसऱ्या टोकाला गेला. त्याचा पुत्र निजिन्स्की १९६८ साली ८४,००० डॉलरला विकला गेला आणि १९७० मध्ये इंग्लंडातील तिन्ही मोठ्या शर्यती जिंकून त्याने ती किंमत क्षुल्लक ठरविली. मग जो तो नॉर्दर्न डान्सरचे शिंगरू मागू लागला. १९८३ साली केंटकीच्या लिलावात त्याचे एक वर्षाचे शिंगरू एक कोटी दोन लाख डॉलरला गेले. एवढी किंमत पूर्वी कधी कोणी मोजली नव्हती. स्नाफी डान्सर हे त्याचे नाव. ते शर्यतीत एकदाही धावले नाही आणि पैदाशीलाही निरुपयोगी ठरले. २५,००० डॉलरला न घेतलेला बाप आणि कोटीला घेतलेला मुलगा! दोन्ही वेळा पारख करणारे पंचच होते, रस्त्यावरचे बघे नव्हेत.

अलीकडच्या काळात पैजेचे हे जग आकुंचन पावले आहे. १९९८ पासून ऑन्टॅरिओत मैदानांवर जुगाराची नाणेयंत्रे बसवून त्यांच्या उत्पन्नाचा वाटा शर्यतींना मिळे. प्रांतिक सरकारने ३१ मार्च २०१३ रोजी ती योजना संपविली. अनेक पैदासकारांनी धंदा सोडला. २०२१ मध्ये इतर खेळांच्या एकेका सामन्यावर पैज लावण्यास कायद्याने मुभा मिळाली. घोड्यांसाठी मात्र १९२० चीच पद्धत राहिली. राणी एलिझाबेथ ह्यांच्या निधनानंतर २०२३ पासून क्वीन्स प्लेटचे नाव पुन्हा ‘किंग्ज प्लेट’ झाले.

नॉर्दर्न डान्सर १९९० च्या नोव्हेंबरात मरण पावला आणि ओशावाच्या फार्मवर पुरला गेला. त्याच वर्षी रझीन नावाचा त्याचा एक पुत्र इंग्लंडच्या डर्बीत लोकांचा सर्वांत आवडता घोडा म्हणून उतरला आणि पार मागे पडला. तो पुढे हिंदुस्थानात आणला गेला. येथे पैदाशीच्या घोड्यांत त्याची गणना अग्रगण्यांत झाली, आणि कॅनडात कोणी न घेतलेल्या त्या बुटक्या घोड्याचे नातू-पणतू महालक्ष्मीवर धावले.