हृदयाच्या ठोक्यांवरील औषध आणि डोळे

हृदयाचे ठोके अनियमित किंवा अतिजलद पडत असल्यास ‘अमिओडॅरोन’ हे औषध अनेक रुग्णांना महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे घ्यावे लागते. १९६१ मध्ये बेल्जियममध्ये ते तयार झाले ते हृदयशूळासाठी. ठोके ताळ्यावर आणण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. त्याच्या वजनात सुमारे ३७ टक्के आयोडीन असते. मेदाकडे ओढ असल्याने ते पेशींत साठून राहते. थायरॉइड, फुप्फुस व यकृत यांच्या तपासण्यांचा आग्रह डॉक्टर धरतात तो यासाठीच. डोळ्यांची तपासणी मात्र बहुधा राहून जाते.

सहा महिन्यांहून अधिक काळ गोळ्या घेणाऱ्या बहुतेक सर्वच प्रौढ रुग्णांच्या पारपटलावर, म्हणजे कॉर्नियावर, तपकिरी रंगाचे बारीक कण साचतात. स्लिट लॅम्पखाली त्यांच्या रेषा मांजराच्या मिशांसारख्या किंवा भोवऱ्यासारख्या दिसतात. रुग्णाला सहसा काहीच जाणवत नाही. दहापैकी एखाद्यास दिव्याभोवती रंगीत वलय दिसते किंवा नजर किंचित धूसर होते. औषध थांबविल्यावर काही महिन्यांत हे कण नाहीसे होतात. केवळ त्यांच्यासाठी औषध बंद करण्याचे कारण नसते.

कुरकुंभसारख्या गावात ही माहिती विशेष उपयोगाची आहे. दौंड तालुक्यातील या गावालगत रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत असल्याने डोळ्यांची कोणतीही तक्रार कारखान्यांच्या वायूवर ढकलली जाणे स्वाभाविक आहे. परंतु वायूमुळे होणारा त्रास म्हणजे चुरचुर, लाली, पाणी येणे. दिव्याभोवतीचे वलय हे निराळे लक्षण आहे. पुणे-सोलापूर महामार्गावर रात्री वाहन चालविणाऱ्याला समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसू लागली, तर ती बाब डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे; काचबिंदूतही अशी वलये दिसतात.

खरा धोका दुसराच आहे. क्वचित काही रुग्णांत डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिमज्जातंतूला सूज येते. नजर मंदावते, दृष्टीच्या कडेचा भाग दिसेनासा होतो. उपचारांच्या कोणत्याही टप्प्यावर हे घडू शकते व कायमचे अंधत्वही येऊ शकते. उतारवयात ‘मोतीबिंदू असेल, पिकला की काढू’ असे म्हणून महिने घालविले जातात, ते येथे फार महागात पडते. पारपटलावरचे निरुपद्रवी कण आणि मज्जातंतूची सूज यांतील फरक रुग्णाला स्वतः ओळखता येत नाही. त्यासाठी बाहुली मोठी करून आतील पडदा तपासावा लागतो.

म्हणून औषध सुरू होताना एकदा व पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा नेत्रतपासणी करावी. नजर अकस्मात बदलल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. चष्म्याचा नंबर घालविण्याची लेसर शस्त्रक्रिया हे औषध चालू असता सहसा करीत नाहीत. सोबत ‘डिगॉक्सिन’ चालू असेल, तर त्याचे रक्तातील प्रमाण वाढून वस्तू पिवळसर दिसू शकतात; ही विषबाधेची खूण असू शकते.

भीतीपोटी गोळी आपणहून बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. ठोके पुन्हा बिघडून जिवावर बेतू शकते, शिवाय औषध शरीरातून निघून जाण्यास कित्येक आठवडे लागतात. पर्यायी औषधाचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यावा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद भारतीय औषधकोश आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर रुग्णालाही करता येते.