हॅटी मॅक्डॅनियल : रंगमंचावरून रजतपटाकडे

ज्ञातीच्या वार्षिक अंकात अमेरिकेतील एका नटीचे चरित्र कशासाठी, अशी शंका आमच्या ज्ञातिबंधुभगिनींच्या मनात येणे साहजिक आहे. समाजाने आपल्या माणसाचे मोल कसे करावे, हा प्रश्न या चरित्रातून फार तीव्रतेने उभा राहतो, एवढेच आमचे उत्तर.

हॅटीबाईंचा जन्म १८९३ च्या सुमारास कॅन्सस संस्थानातील विचिटा गावी झाला. तेरा भावंडांत त्या धाकट्या. वडील गुलामगिरीत जन्मलेले व यादवी युद्धात लढलेले. आई भजने गाणारी. पुढे कुटुंब डेन्व्हरला आले. तेथे बाईंनी भावाच्या नाटकमंडळीतून कामे केली आणि नंतर गाणे, नाच, नकला व प्रहसने एकाच खेळात दाखविणाऱ्या ‘व्हॉडेव्हिल’च्या फिरत्या रंगमंचावर नाव मिळविले. १९२६ ते १९२९ या काळात त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. परंतु १९२९ च्या आर्थिक अरिष्टात हे सारे कोसळले. मिलवॉकीच्या एका क्लबात स्वच्छतागृहाची राखण करण्याची पाळी आली. तेथेच एके रात्री गाण्याची संधी मिळून त्या पुन्हा रंगमंचावर आल्या. १९३१ साली त्या लॉस एंजेलिसला गेल्या. नभोवाणीवर गात असतानाही पोटासाठी परक्या घरी धुणीभांडी सुटली नाहीत.

‘गॉन विथ द विंड’ या १९३९ च्या चित्रपटातील मॅमीच्या भूमिकेने त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत होत. तथापि अटलांटातील पहिल्या खेळास त्यांना प्रवेश नव्हता. आणि २९ फेब्रुवारी १९४० च्या पारितोषिक-समारंभातही त्यांना सहकाऱ्यांपासून दूर, भिंतीलगतच्या टेबलाशी बसविण्यात आले.

परक्यांनी दूर लोटावे हे दुःख खरेच. पण स्वकीयांचा रोष अधिक झोंबतो. मोलकरणीचीच सोंगे आणून बाई समाजाची मानहानी करतात, असा आक्षेप कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट प्रभृतींनी घेतला. दुसऱ्याच्या घरी राबण्यापेक्षा पडद्यावर राबणारीचे सोंग घेऊन कितीतरी पट अधिक मिळते, या आशयाचे बाईंचे उत्तर प्रसिद्ध आहे. आमच्या मते दोन्ही पक्षांत तथ्य होते. आक्षेप भूमिकांवर होता, आणि त्या भूमिका ठरविणे बाईंच्या हाती नव्हते.

जे हाती होते ते मात्र त्यांनी केले. गोऱ्या शेजाऱ्यांनी कृष्णवर्णीयांना वस्तीतून काढण्यासाठी दावा लावला, तेव्हा बाई व इतर रहिवासी न्यायालयात उभे राहिले व १९४५ साली जिंकले. अशा करारांची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी त्या निवर्तल्या. हॉलिवुडच्या दफनभूमीत विसावा मिळावा ही अंतिम इच्छाही वर्णभेदामुळे नाकारली गेली. तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले ते १९९९ साली! हॉवर्ड विद्यापीठाला मिळालेले त्यांचे पारितोषिकही पुढे हरवले. त्याची प्रतिकृती २०२३ साली अर्पण झाली.

ज्ञातीतील एखादी कन्या अनवट वाटेने जाऊ लागली की आपण प्रथम लोकनिंदेची चिंता करतो. तिला कोणत्या वाटा मोकळ्या होत्या, हे आधी विचारावे, एवढीच आमची नम्र विनंती.