पंचावन्न, अठ्ठावन्न, साठ

मंडळाच्या नाटकांचा व गणेशोत्सवांचा इतिहास या स्मरणिकेत इतरत्र येईलच. आम्ही येथे ज्या इतिहासाकडे वळत आहोत, तो सरकारी नियमांत दडलेला आहे. तथापि नोकरीनिमित्त दूरदेशी राहिलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे भवितव्य त्यानेच ठरविले आहे.

१ जानेवारी १९२२ रोजी मूलभूत नियम अमलात आले. त्यांतील छप्पन्नाव्या नियमानुसार सर्वसाधारणपणे ५५ हे निवृत्तीचे वय होते. स्वातंत्र्यसमयी देशाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. बालमृत्यूंमुळे ही सरासरी खाली ओढली गेली होती हे खरे. परंतु पंचावन्नीचा मनुष्य त्या काळी वृद्धच गणला जाई. पुढे आयुर्मान वाढले, अनुभवी माणसांची गरज भासली आणि १९६२ मध्ये ही मर्यादा ५८ झाली. मे १९९८ मध्ये ती ६० वर गेली. त्यानंतर सुमारे दोन वर्षे वयोमानाने निवृत्त होणारे जवळजवळ कोणी उरले नाहीत. ज्येष्ठांची मुदत वाढली, आणि कनिष्ठांची बढती तितकीच लांबली.

वयाइतकाच महत्त्वाचा प्रश्न निवृत्तिवेतनाचा. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की निवृत्तिवेतन हे सरकारची मेहेरबानी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा हक्काचा मोबदला आहे. त्या घटनापीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे पुण्याचे, याचे आम्हा मराठीजनांस विशेष अगत्य वाटते. पुढे १ जानेवारी २००४ पासून (सैन्यदले वगळता) नव्याने रुजू झालेल्यांसाठी अंशदानावर आधारलेली योजना आली. १ एप्रिल २०२५ पासून त्यांना एकीकृत योजनेचा पर्याय मिळाला. तीत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर, अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. म्हणजे एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोन पिढ्यांचे उतारवय दोन निरनिराळ्या हिशेबांनी चालणार आहे.

साठी आली की सरकारी निवासस्थान ठरावीक मुदतीत सोडावे लागते, आणि आमच्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो : जावे कोठे? गावच्या घरात वाटण्या झालेल्या असतात, मुले येथलीच भाषा सफाईने बोलतात. पूर्वी पंचावन्नाव्या वर्षी परतणाऱ्यास गाव ओळखत असे. साठाव्या वर्षी परतणाऱ्यास ओळख नव्याने करून द्यावी लागते. म्हणून पुष्कळजण येथेच राहतात. अशा सभासदांच्या हाती आता वेळ आहे, अनुभवही आहे. मंडळाचे ग्रंथालय व बालवर्ग त्यांनी हाती घ्यावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. नियमाने नोकरी संपते. उपयुक्तता संपल्याचे कोणताही नियम सांगत नाही.