९८२३ : एका नंबराची मालकी

परभणीत स्टेशन रोडवरच्या एका मोबाइल दुकानात अप्पांचा रिचार्ज करायला गेलो होतो. मी नंबर सांगायला लागलो, "अठ्ठ्याण्णव, तेवीस..." तसा दुकानदार हसला. "लई जुना नंबर आहे बरं काकांचा. पोर्ट करायचा का? ऑफर चालू आहे. नंबर तोच राहतो, फक्त कंपनी बदलते."

घरी येऊन अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "कंपनी तर तशीही बदलतच आली. मला कुणी इचारलं?"

अप्पांनी हे सिम २००४ साली घेतलं. तेव्हा ते कामासाठी पुण्यात होते. मुंबई वगळून बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून मोबाइलचं एकच सर्कल होतं, आजही आहे. म्हणून पुण्यात घेतलेला नंबर परभणीत आला तरी तो 'बाहेरचा' झाला नाही. सिम घेतलं तेव्हा त्यावर नाव होतं बीपीएल. आज मोबाइलच्या कोपऱ्यात 'व्ही आय' ही दोन अक्षरं दिसतात. मधे हच येऊन गेलं, व्होडाफोन येऊन गेलं. अप्पांचं म्हणणं खरं होतं. त्यांचा नंबर कितीदा विकला गेला, आणि नेमकं काय विकलं गेलं, हे मी शोधायला लागलो.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्याच सुमारास सरकारने प्रत्येक सर्कलमध्ये दोन-दोन खासगी कंपन्यांना परवाने दिले. आपल्या सर्कलमध्ये एक परवाना बिर्लांना मिळाला आणि दुसरा बीपीएलला. दोघांच्या पाठीशी एकेक अमेरिकन कंपनी होती. बिर्लांबरोबर एटी अँड टी, बीपीएलबरोबर यूएस वेस्ट. बिर्लांची कंपनी पुढे 'आयडिया' झाली. जुन्या लोकांना अजून आठवतं, ९८२२ म्हणजे आयडिया आणि ९८२३ म्हणजे बीपीएल.

परवाने लिलावाने दिले होते. कंपन्यांनी दरवर्षी ठरावीक रक्कम भरायची, मग धंदा होवो न होवो. मोबाइल म्हणजे सोन्याची खाण असं समजून सगळ्यांनी भरमसाट बोली लावली. पण मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या कॉलचेही पैसे. अशा भावात गिऱ्हाईक येणार कुठून? दोन-तीन वर्षांतच कंपन्यांचे हप्ते थकले. तेव्हा सरकारने १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणात सवलत दिली. ठरावीक रकमेऐवजी कंपनीच्या उत्पन्नातला काही टक्के वाटा सरकारला द्यायचा. शेतीच्या भाषेत सांगायचं, तर मक्त्याने दिलेली जमीन सरकारने बटईने दिली. कंपन्यांचा जीव भांड्यात पडला. पण 'उत्पन्न' कशाला म्हणायचं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सवलत मिळूनही बीपीएल सावरली नाही. टीव्ही-फ्रिजचा त्यांचा मूळ धंदा कोरियन कंपन्यांच्या स्पर्धेत खचत होता, आणि मोबाइल कंपनीवर कर्जाचा बोजा होता. २००५ साली ती विकायला निघाली. त्याच वर्षी दूरसंचारातल्या परकीय भांडवलाची मर्यादा ४९ टक्क्यांवरून ७४ टक्के झाली. बीपीएलची महाराष्ट्र, तामिळनाडू आणि केरळ ही सर्कलं एस्सारच्या मार्फत 'हचिसन एस्सार'कडे आली. हचिसन ही हाँगकाँगच्या ली का-शिंग यांची कंपनी. २००६च्या सुरुवातीला व्यवहार पुरा झाला आणि अप्पांचा नंबर 'हच' झाला. मुलाच्या मागे मागे चालणारं ते चपट्या नाकाचं कुत्रं तुम्हालाही कुठल्या तरी मीममुळे माहीत असेल. ते हचचंच.

वर्षभरातच हचिसनने भारतातून बाहेर पडायचं ठरवलं. फेब्रुवारी २००७ मध्ये ब्रिटनच्या व्होडाफोनने तिचा ६७ टक्के हिस्सा घेण्याचा सौदा केला. मे महिन्यात तो पुरा झाला तेव्हा १,०९० कोटी डॉलर मोजले गेले. पूर्ण कंपनीची किंमत, कर्जासकट, १,८८० कोटी डॉलर धरली होती. गिऱ्हाइकं होती सव्वादोन कोटींच्या आसपास. मी कागदावर भागाकार केला. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने एका गिऱ्हाइकामागे पस्तीस हजार रुपयांच्या पुढे आकडा गेला. अप्पा तेव्हा महिन्याला दीडशे-दोनशेचा रिचार्ज मारत, तोही मिस्ड कॉल देऊन देऊन पुरवत. बोलणारा माणूस दीडशेचा, पण सौद्यात त्याची किंमत पस्तीस हजार. टॉवर आणि दुकानं यांना एवढी किंमत नव्हती. किंमत होती ती परवान्याला, लहरींना आणि पुढची वीस-तीस वर्षं रिचार्ज करत राहतील अशा माणसांना.

आणि हा सौदा झाला कुठे? केमन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीच्या कागदावर. हचिसनने भारतातलं काही थेट विकलंच नाही. भारतातला धंदा ज्या कंपनीच्या हाताखाली होता, ती केमनची कंपनी विकली. आयकर खात्याने सुमारे अकरा हजार कोटींचा कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याच्या बाजूने निकाल दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी व्होडाफोनच्या बाजूने. दोन महिन्यांत प्रणव मुखर्जींनी अर्थसंकल्पात कायदाच बदलला, तोही १९६२पासून मागे जाऊन. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवाद व्होडाफोनच्या बाजूने गेला आणि २०२१ मध्ये सरकारने ती मागणी मागे घेतली. एवढं सगळं होईपर्यंत इथे खेळच बदलला होता.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला खरा इंटरनेट तोच. दर इतके पडले, की जुन्या कंपन्यांना एकमेकींचा हात धरावा लागला. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. म्हणजे आपल्या सर्कलमधले पहिले दोन प्रतिस्पर्धी, ९८२२ आणि ९८२३, एकाच घरात आले. तेव्हा ती चाळीस कोटींहून जास्त गिऱ्हाइकांची, देशातली सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी होती.

मग ती १९९९ची बटई आडवी आली. कंपन्या म्हणत, वाटा फक्त मोबाइल सेवेच्या उत्पन्नातला. सरकार म्हणे, व्याज, भाडं, भंगाराची विक्री, सगळंच उत्पन्न. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं मान्य केलं. मूळ थकबाकी, त्यावर व्याज, त्यावर दंड. सरकारच्या हिशोबाने व्होडाफोन आयडियाकडे ५८ हजार कोटींहून जास्त निघाले. सप्टेंबर २०१९ला संपलेल्या तिमाहीत कंपनीने ५०,९२१ कोटींचा तोटा दाखवला. भारतीय कंपनीने एका तिमाहीत एवढा तोटा तोवर कधीच दाखवला नव्हता.

एवढे पैसे येणार कुठून? शेवटी सरकारने येणं रकमेच्या बदल्यात शेअर घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींचे आणि एप्रिल २०२५ मध्ये ३६,९५० कोटींचे. सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्के झाला. ज्या व्होडाफोनने २००७ मध्ये ६७ टक्के घेतले होते, तिच्याकडे उरले सोळाच्या आसपास. कारभार अजून जुन्या प्रवर्तकांकडे आहे, पण सगळ्यात मोठा वाटेकरी सरकार आहे.

परदेशी कंपनी आली की आपण दोनच गोष्टी ऐकतो, 'देश विकला' किंवा 'गुंतवणूक आली'. ९८२३ची गोष्ट या दोन्हींत बसत नाही. अमेरिकन आले, हाँगकाँगचे आले, ब्रिटिश आले. हाँगकाँगवाले नफा घेऊन गेले, ब्रिटिशांचे हजारो कोटी इथे बुडाले. तीस वर्षांत दोनच पक्ष जागेवरून हलले नाहीत. एक, वाटा मागणारं सरकार. दुसरा, रिचार्ज करणारा माणूस. आणि सरकारच्या नावावरचे ते शेअर शेवटी जनतेच्या पैशाचे.

म्हणून ही कंपनी जगते की बुडते, हा फक्त शेअर बाजाराचा प्रश्न नाही. ती गेली तर खासगीत दोनच उरतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, तेव्हा पालम-सोनपेठच्या घरांत एकेक सिम बंद करायचा हिशोब कसा होतो, ते मी बघितलंय. दोनच उरल्यावर तो हिशोब कोण ठरवणार?

हे सगळं अप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे अर्धी कंपनी सरकारची, अन् सरकार आपलं. मग रिचार्ज कुणाला भरायला?"

मी हसलो. पण उत्तर काही सुचलं नाही. नंबर आम्ही पोर्ट केलेला नाही. बँक, आधार, पीकविमा, सगळ्यांचे ओटीपी त्याच ९८२३वर येतात.