पक्की नोकरी आणि हलती जमीन

मागच्या शनिवारी कौंडण्यपूरला गेलो होतो. रुक्मिणीचं माहेर, खाली वर्धा नदी. देवळाबाहेर मी, मामा आणि माझी भाची बसलो होतो. भाचीनं भूभौतिकीत एमएस्सी केलंय आणि भूकंपाच्या एका प्रकल्पात तिला जेआरएफ मिळालीय. मामांनी आपल्या वऱ्हाडातला ठरलेला प्रश्न टाकलाच, "पक्की हाय का वं पोरी?"

"नाही आजोबा, प्रकल्प असेपर्यंत."

"मंग कायले जातं?"

प्रश्न चुकीचा नाही. जेआरएफ दोन वर्षं, मग एसआरएफ, सगळं मिळून साधारण पाच. जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आणि 42,000 रुपये, पण पुढचं कोण जाणे! भूकंपाचा हिशोब मात्र शतकांचा. मग हा मेळ बसायचा कसा?

मी मामांना नानाभॉय मूस यांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि पंचाईत झाली, कारण त्या विजेनं नोंदी बिघडणार. मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. पण जुनी लगेच बंद नाही केली! 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे नव्या आकड्यांची जुन्यांशी सांगड बसावी. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'पॅरलल रन' म्हणतो आणि स्वतःला फार हुशार समजतो. मूस ते शंभर वर्षांपूर्वी करून गेले. त्यामुळेच कुलाबा-अलिबागची मालिका आज दीडशे वर्षांहून लांब आहे. गंमत म्हणजे भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं त्यांच्याच नावानं पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप ठेवली, तीही मुदतीचीच. असो.

भूकंपाच्या बाबतीत आपल्याकडे दोन्ही उदाहरणं आहेत. कोयनेचं धरण 1962 च्या सुमारास भरू लागलं, बारीक धक्के जाणवू लागले आणि यंत्रं बसवली गेली. म्हणून 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला तेव्हा आधीच्या काही वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या. जलाशय आणि भूकंप यांच्या नात्यावर बोलताना आजही जगभर कोयनेचं नाव निघतं ते त्यामुळे.

किल्लारीचं उलटं. 1992 मध्ये तिथे धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते, पण जवळ पुरेशी यंत्रं नव्हती. हा भाग स्थिर असंच सगळे धरून चालले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हजारो माणसं गेली. यंत्रं असती तर भूकंपाचं भाकीत झालं असतं असं मुळीच नाही, ते आजही कुणाला जमत नाही. पण जमिनीखाली काय चाललंय ते समजायला मदत झाली असती.

आणि हे काही फक्त मराठवाड्याचं दुखणं नाही. 2018 मध्ये आपल्याच अमरावती जिल्ह्यात, धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीत जमीन हादरत होती. 30 सप्टेंबर 2024 ला पुन्हा जिल्ह्यात 4.2 चा धक्का बसला. अशा वेळी यंत्र घेऊन आडगावात राहायचं, बॅटऱ्या बदलायच्या, आकडे तपासायचे, ही कामं बहुतेक वेळा मुदतीवरची पोरंच करतात. मुदत संपली की ती जातात आणि त्यांच्यासोबत बरंच काही जातं, जे कुठल्याच फाइलीत नसतं. कुठलं यंत्र पावसात दगा देतं, कुठला धक्का खरा आणि कुठला खाणीतल्या सुरुंगाचा, वगैरे.

माझं म्हणणं एवढंच की माणूस बदलायला हरकत नाही, खंड पडायला आहे. जुना फेलो जाण्याआधी सहा महिने नवा त्याच्याबरोबर असावा. मूस यांनी यंत्रांसाठी केलं ते आपण माणसांसाठी का करू नये? इथूनच पंढरपूरला रुक्मिणीची पालखी निघते, चारशे वर्षांहून जुनी मानतात. किती पिढ्यांचे वारकरी बदलले, पण पालखी कुणी रस्त्यात ठेवून गेलं नाही.

मामा बराच वेळ नदीकडे बघत होते. उठताना भाचीला म्हणाले, "जाय माय. पन येताना वही कोनाच्या तरी हाती देऊन येजो."