वृद्धाश्रमातल्या मावशींच्या हातात पैसे ठेवावेत का? कौतुक करायची योग्य पद्धत काय?

वृद्धाश्रमात वाढदिवस साजरा केल्याचे फोटो तुमच्या फीडमध्ये अधूनमधून येतच असतील. मध्ये केक, भोवती आजी-आजोबा आणि मागे उभा असलेला वाढदिवसवाला. खाली शंभरएक लोकांनी हात जोडलेले इमोजी टाकलेले असतात.

या फोटोत एक माणूस सहसा दिसत नाही. ज्यांना गिळायला त्रास होतो त्या आजोबांना केकचा बारीक तुकडा भरवणारी, सांडलेलं क्रीम पुसणारी आणि पाहुणे गेल्यावर सगळ्यांचे कपडे बदलणारी मावशी.

या मावशींबद्दल कृतज्ञता वाटणारे लोक नसतात असं नाही. उलट आई-वडिलांना भेटायला आलेला मुलगा निघताना हळूच मावशींच्या मुठीत शंभर-दोनशेची नोट सरकवतो. "जरा लक्ष असू द्या हं आईकडे," म्हणतो. त्याचा हेतू चांगलाच असतो.

पण जगभरात जिथे जिथे वृद्धांच्या निवासी संस्था नीट चालतात, त्यातल्या अनेक ठिकाणी नेमकी हीच गोष्ट करायला बंदी असते. असं का? आणि मग आभार मानायचे तरी कसे? तेच समजून घेऊया.

आधी बघू, ही माणसं नेमकी कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीच्या पुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते. केंद्र सरकारने २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाबद्दल केलेल्या 'लासी' या मोठ्या सर्वेक्षणाच्या अहवालात २०५० पर्यंत हा आकडा ३१ कोटी ९० लाखांवर जाईल असा अंदाज दिलाय.

या लोकांसाठीच्या राहण्याच्या जागाही आता एका प्रकारच्या उरलेल्या नाहीत. देणग्यांवर चालणारे वृद्धाश्रम आहेत. महाराष्ट्र सरकारने १९९५ मध्ये आणलेल्या योजनेतले 'मातोश्री वृद्धाश्रम' आहेत. महिन्याला पैसे भरून राहायची खासगी केंद्रं आहेत. आणि पुण्यातल्या 'अथश्री'सारखे, खास ज्येष्ठांसाठी बांधलेले फ्लॅटचे प्रकल्पही आहेत.

जागा साधी असो की महागडी, ती चालवणारी माणसं साधारण सारखीच. अंगावरची कामं करणाऱ्या मावशी आणि मामा. औषधं बघणाऱ्या सिस्टर. स्वयंपाकघरातल्या ताई. कपडे धुणारे, फरशी पुसणारे, रात्री गेटवर बसणारे आणि अपरात्री अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत स्ट्रेचर नेणारे वॉचमन काका.

यातल्या काहींनी नर्सिंगचा किंवा 'जनरल ड्युटी असिस्टंट'चा कोर्स केलेला असतो. बऱ्याच जणी मात्र आधीच्या मावशींचं बघून बघून शिकलेल्या असतात.

"काय, अंघोळ घालायची आणि जेवायला द्यायचं, एवढंच ना?"

हे वाक्य बोलणाऱ्याने एक गणित करून बघावं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली नाही तर एकाच जागी दाब पडून कातडी मरते आणि जखम होते. याला बेडसोर म्हणतात. ही जखम हाडापर्यंत जाऊ शकते. ती टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात. म्हणजे १२ तासांच्या पाळीत एका माणसाची सहा वेळा. असे दहा जण असतील तर ६० वेळा. त्यातही माणूस ओढून चालत नाही, नाहीतर चादरीला घासून कातडी सोलते. त्याला खालच्या चादरीसकट उचलून वळवावं लागतं, आणि त्यासाठी खरंतर दोन माणसं हवीत. दुसरं माणूस नसलं की सगळा भार मावशींच्या कमरेवर येतो.

आता भरवण्याचं घ्या. लकवा मारलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. घाईत भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पाठ सरळ ठेवून, लहान घास देऊन, आधीचा गिळला का ते बघून पुढचा द्यायचा. एका माणसाच्या एका जेवणाला अर्धा-पाऊण तास सहज जातो.

तिसरी गोष्ट बाहेरून दिसतच नाही. म्हातारपणी आजार नेहमीच्या लक्षणांनी येतो असं नाही. लघवीच्या जागी इन्फेक्शन झालं तरी ताप येतोच असं नाही. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज अचानक असंबद्ध बोलायला लागतात, एवढंच होतं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार, मुलगा महिन्यातून एकदा. हा बदल पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येणार? रोज सकाळी वेणी घालणाऱ्या मावशींच्याच. "सिस्टर, आज आजी बऱ्या नाहीत," हे त्यांचं एक वाक्य वेळेवर आलं तर आयसीयूची वारी वाचू शकते.

आणि चौथं काम मनाचं. स्मृतिभ्रंशाच्या बऱ्याच रुग्णांची संध्याकाळी घालमेल वाढते. "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल," असं ८५ वर्षांच्या आजी म्हणतात. "तुमची आई कधीच गेली," हे खरं उत्तर दिलं तर त्यांच्यासाठी आई त्या क्षणी नव्याने जाते. मग मावशी म्हणतात, "जाऊ ना आजी, आधी चहा घेऊ. तुमच्या आई भाकरी कशी करायच्या हो?" हेच संभाषण रोज चालतं, कधीकधी एका तासात पाच वेळा.

नोकरीचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवरून समोरच्याला बरं वाटायला लावणं, या कामाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉचशिल्ड यांनी १९८३ च्या पुस्तकात 'भावनिक श्रम' असं नाव दिलं. या श्रमाची नोंद हजेरीपटावर होत नाही. चार वर्षं सांभाळलेले आजोबा गेले की मावशी त्यांना शेवटची अंघोळ घालतात, चादर बदलतात आणि पुढच्या खोलीत जातात. कारण तिथे कोणीतरी बेल वाजवत असतं.

नियमांत काय आहे?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीचा कायदा २००७ मध्ये आला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने उभारावा असं म्हटलंय.

२०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे हवेत, रॅम्प हवेत अशा गोष्टी त्यात आहेत. सूचना बिल्डरसाठी असल्यामुळे त्यात भर इमारतीवर असणं साहजिक आहे.

पण ९०० मिलिमीटरच्या दारातून व्हीलचेअर ढकलणारं कोणीतरी लागतंच. जाहिरातीत बाग, लायब्ररी आणि मंदिर दिसतं. रात्री दोन वाजता किती लोक ड्युटीवर असतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मग हातात नोट ठेवण्यात चूक काय?

देणाऱ्याच्या बाजूने काहीच चूक नाही. गडबड होते ती खोलीत राहणाऱ्या बाकीच्यांची.

समजा, एका खोलीत तीन आजी आहेत. एकीचा मुलगा दर रविवारी पैसे देतो. दुसरीचा मुलगा परदेशात आहे. तिसरीला कोणीच नाही. तिघींनी एकदम बेल वाजवली तर मावशींनी आधी कोणाकडे जावं? खरंतर ज्या आजीला जास्त गरज आहे तिच्याकडे. पण नोटेची सवय लागली की हा निर्णय हळूहळू बदलू शकतो, आणि तो बदलतोय हे मावशींनाही कळत नाही. ज्या तिसऱ्या आजीच्या बाजूने बोलणारं कोणी नाही, तिची पाळी शेवटी येते.

दुसरं म्हणजे, पैसे मिळतात ते समोर दिसणाऱ्या माणसाला. भेटीच्या वेळी ड्युटीवर असलेल्या मावशींना मिळतात, रात्रपाळीच्या मावशींना नाही. मऊ भात वेगळा काढून ठेवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या ताईंना आणि रोज घाण झालेल्या चादरी धुणाऱ्या मामांना तर नाहीच नाही.

तिसरं, यात मावशींचीच मान अडकते. उद्या आजींची अंगठी सापडली नाही की पहिला संशय "पैसे घेणाऱ्या" बाईवर येतो.

यावर अमेरिकेत काय उपाय काढला?

अमेरिकेत रिटायरमेंट कम्युनिटी हा प्रकार जुना आहे. एकाच आवारात ज्येष्ठांची घरं, जेवणघर, आणि तब्येत ढासळली तर नर्सिंगची सोय. यातल्या बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांनी रहिवाशांकडून टीप घ्यायची नाही, असा कडक नियम असतो.

त्याऐवजी रहिवाशांची संघटना वर्षातून एकदा 'एम्प्लॉई अ‍ॅप्रिसिएशन फंड' गोळा करते. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यायचं, नाही दिलं तरी चालतं. कोणी किती दिले हे कर्मचाऱ्यांना कळू देत नाहीत. जमलेली रक्कम नाताळच्या सुमारास वाटली जाते, ती बहुतेक ठिकाणी वर्षभरात केलेल्या कामाच्या तासांनुसार. वरच्या पदांवरच्या साहेबांना त्यातून सहसा काही मिळत नाही. स्वयंपाकी, धोबी, सफाईवाले, माळी, सगळ्यांना मिळतं. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्कॉलरशिपही दिली जाते.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. सोसायटीत वॉचमन आणि सफाई कामगारांना दिवाळीची पोस्त द्यायला प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी काढतात, तोच हा प्रकार. फक्त तो लेखी नियमांनी आणि हिशेब ठेवून केलेला.

अर्थात याला एक अट आहे. पोस्त म्हणजे पगार नव्हे. फंड जमतोय म्हणून संस्थेने पगारवाढ अडवली, तर कौतुकाच्या नावाखाली मावशींचं नुकसानच होतं.

टाळ्यांचा धडा

२०२० मध्ये २२ मार्चला आपण थाळ्या वाजवल्या. ब्रिटनमध्ये २६ मार्चपासून सलग दहा गुरुवार लोक रात्री आठ वाजता दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या भावनेत खोटं काही नव्हतं. पण टाळ्या थांबल्यावर त्या काम करणाऱ्यांच्या हातात काय उरलं, हा प्रश्न तिकडेही विचारला गेला आणि इकडेही. ज्या कौतुकाने कामाचा भार, पगार किंवा सुट्टी यातलं काहीच बदलत नाही, ते फार दिवस पुरत नाही.

मग तुम्ही काय करू शकता?

तुमचं कोणी अशा ठिकाणी राहत असेल, किंवा तुम्ही नुसते भेटीला जात असाल, तरी या गोष्टी जमण्यासारख्या आहेत.

१. नाव विचारा. "ए बाई" किंवा "ओ मावशी" याच्या पुढे जा. नाव, गाव, घरी कोण कोण असतं, एवढं माहीत असलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

२. कौतुक लेखी द्या. "सगळे छान आहेत" असं नको. "अमुक तारखेला आईला अशक्तपणा आला, तेव्हा या मावशींनी लगेच सिस्टरला बोलावलं," असं नाव आणि प्रसंग लिहून व्यवस्थापकांना किंवा ट्रस्टींना द्या. पगारवाढीच्या वेळी असा कागद उपयोगी पडतो.

३. आपल्या माणसाची एक पानभर माहिती लिहून द्या. चहात साखर किती, झोपताना दिवा लागतो का, कोणत्या विषयावर बोललं की खुलतात, कशाची भीती वाटते. याने मावशींचं काम खरोखर हलकं होतं.

४. सुचवा, दिवाळीला एकत्र फंड काढूया. इतर नातेवाइकांशी बोला. यादीत रात्रपाळी आणि स्वयंपाकघर सुटणार नाही हे बघा. हिशेब नोटीस बोर्डवर लावा.

५. फोटो टाकण्याआधी विचारा. मावशींना आणि आजींनाही. कोणाला आपण वृद्धाश्रमात राहतो किंवा काम करतो हे गावभर व्हायला नको असतं.

६. उपयोगी वस्तू द्या. सणाला पंचवीस जण फराळ घेऊन येतात. हातमोजे, डायपर, चांगली व्हीलचेअर, कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत पंखा, हे कोणी आणत नाही. आधी विचारा, मग आणा.

आणि कौतुक म्हणजे डोळेझाक नव्हे. अंगावर जखमा, अचानक घटलेलं वजन, कर्मचाऱ्यासमोर गप्प होणारे आजोबा असं काही दिसलं तर व्यवस्थापनाकडे तक्रार करा. दाद मिळाली नाही तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४५६७.

शेवटी एक कामाचा प्रश्न. आई-वडिलांसाठी जागा बघायला गेलात तर बाग बघा, खोली बघा, जेवण चाखून बघा. पण एक गोष्ट ऑफिसमध्ये न विचारता व्हरांड्यात भेटलेल्या मावशींना विचारा: "तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"आठ वर्षं झाली," असं उत्तर दोन-तीन जणींकडून आलं, तर ती जागा आपल्या माणसांना धरून ठेवते. सगळ्याच जणी तीन-चार महिन्यांपूर्वी आलेल्या असतील तर थोडं थांबून विचार करा. जिथे मावशी टिकत नाहीत, तिथे तुमच्या आईला चहात साखर किती लागते, हे लक्षात ठेवणारं कोणी उरत नाही.